मोगलीची पेन्शन



ज्या गुरुजींच्या नावाने आपण दरवर्षी जमतो, त्यांनी माझ्या निबंधाच्या वहीत एकदा लाल शाईने एकच ओळ लिहिली होती : 'हा वाघ कुठला? आजीला विचार.' मी तेव्हा पाचवीत होतो. दूरदर्शनवर रविवारी 'जंगल बुक' लागायचं. चित्रमालिका जपानी, संवाद हिंदी, शीर्षकगीत गुलजारांचं आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. निबंधाचा विषय होता 'वाघ'. त्या आवाजाच्या धाकाने मी वाघाला कपटी, लबाड, माणूसखाऊ वगैरे करून दोन पानं भरली होती. दहापैकी चार गुण मिळाले.

आजी देवलापारकडची. म्हणजे ज्याला आज आपण पेंच म्हणतो, त्या जंगलाच्या दाराशी वाढलेली. तिला विचारलं तर ती म्हणाली, "त्याचं नाव रातच्याला नाही घेत बापू." सकाळी विचारलं तेव्हा तिने म्हातारीची आणि भोपळ्याची गोष्ट सांगितली. ती मला पाठ होती. तरी मी ऐकली, आणि पहिल्यांदाच लक्षात आलं की त्या गोष्टीत वाघ मरत नाही. म्हातारी लेकीकडे निघालेली असते. वाघ आडवा येतो. ती त्याला थोडं थांबायला सांगते आणि तो थांबतो. फसतो, चिडतो आणि जंगलात राहतो. म्हातारी घरी जाते. कोणी बंदूक घेऊन येत नाही. आणि आजी सबंध गोष्टीत त्याला 'वाघोबा' म्हणत होती. विठोबा, खंडोबा, जोतिबा, तसा वाघोबा.

आजचा माझा विषय या 'बा'पासून सुरू होतो. आपल्या बालकथेत चिऊ ताई असते, हत्ती दादा असतो, कोल्हा कोल्होबा होतो, ससा ससोबा होतो. जनावराला नाव नसतं, नातं असतं. किपलिंगने याच्या उलट केलं. भालू, हाथी, शेर, बघेरा हे बाजारात, खानसाम्याच्या तोंडी ऐकलेले हिंदुस्थानी शब्द त्याने उचलले, पहिलं अक्षर मोठं केलं आणि त्यांची विशेषनामं केली. इंग्रज मुलाला ती मंत्रासारखी वाटली असतील. आपल्याकडे 'हत्ती नावाचा हत्ती' असं म्हटलं तर पोर हसेल. हा दोष म्हणून सांगत नाही. माणूस कुठे उभा राहून गोष्ट सांगतो, ते यावरून कळतं एवढंच.

रुडयार्ड किपलिंग मुंबईचा. ३० डिसेंबर १८६५ रोजी जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेला. त्याचे वडील तिथे शिकवत. 'जंगल बुक' आलं १८९४ मध्ये, दुसरा भाग १८९५ मध्ये, आणि ही पुस्तकं त्याने लिहिली अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, बर्फात बसून. सिवनीला तो कधी आला होता असा पुरावा नाही. कथेचा पहिला खर्डा तर अरवलीच्या डोंगरातला होता. नंतर त्याने मोगलीला सातपुड्यात आणलं. बघीरा उदेपूरच्या राजवाड्यातल्या पिंजऱ्यात जन्मला, हा त्या जुन्या खर्ड्याचाच मागे राहिलेला धागा. सिवनीचं जंगल त्याने घेतलं ते रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल या अधिकाऱ्याच्या १८७७ च्या पुस्तकातून. लांडग्यांनी वाढवलेल्या मुलांच्या हकिकती ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनने १८५२ मध्येच छापल्या होत्या, आणि त्या मुख्यतः अवधकडच्या होत्या. म्हणजे डोंगर एकाचा, पोर दुसऱ्याचं, नदी तेवढी आपली. त्याची 'वैनगंगा' ही आपलीच वैनगंगा, सिवनी जिल्ह्यात उगम पावून भंडाऱ्याकडे उतरणारी. आणि ती सिवनी तेव्हा मध्य प्रांतात होती, ज्याची राजधानी १८६१ पासून नागपूर. तेव्हा मोगलीचा जंगलखात्याचा कागद इथल्याच कुठल्यातरी कचेरीत फिरला असता असं मी गमतीने म्हणतो. ही गंमत शेवटी फार गमतीची राहत नाही. तिथे पोचायला थोडा वेळ आहे.

आधी नागाकडे वळतो, कारण आपण नागपूरकर. आपल्या नदीचं नाव नाग, गावाचं नाव तिच्यावरून. नागपंचमीला आपल्या घरी चिरत नाहीत, कापत नाहीत, शेतात नांगर धरत नाहीत. श्रावणात विदर्भातून माणसांच्या रांगाच्या रांगा पचमढीच्या नागद्वारला जातात, त्याच सातपुड्यात. हे मनात ठेवून 'जंगल बुक'मधली रिक्की-टिक्की-टावी या मुंगसाची गोष्ट वाचा.

छावणीतला एक बंगला आहे. तो रिकामा होता. आता तिथे एक इंग्रज कुटुंब राहायला येतं : साहेब, मडम आणि मुलगा टेडी. पुरात वाहून आलेलं मुंगूस ते वाचवतात, पोसतात. बागेत नाग आणि नागीण आहेत. त्यांची अंडी खरबुजांच्या वाफ्यात आहेत. बंगला रिकामा होता तोवर बाग त्यांची होती. माणसं मेली तर बाग पुन्हा आपली होईल, आपली पिल्लं निर्धास्त राहतील, असा त्यांचा बेत. ते रात्री न्हाणीघरातून शिरून घरधन्याला मारायचं ठरवतात. मुंगूस नागाला धरतं, साहेब बंदूक चालवतो, मग मुंगूस अंडी फोडतं आणि शेवटी नागिणीला तिच्या बिळात जाऊन मारतं. अंडी पंचवीस होती. एकही उरत नाही.

लहानपणी मी श्वास रोखून वाचली ती. अजूनही सांगतो, कथा म्हणून तिला तोड नाही. पण मोठेपणी दोन गोष्टी बोचल्या. पहिली म्हणजे नाग पहिल्यांदा फणा काढून उभा राहतो तेव्हा तो आपल्या फण्यावरच्या खुणेचा वृत्तान्त सांगतो : देव झोपला असता पहिल्या नागाने त्याच्यावर सावली धरली, म्हणून ही खूण. आपल्या घरातल्या शेषशायीच्या चित्राशेजारची ही कथा. किपलिंगने ती खलनायकाच्या तोंडी घातली आहे. दुसरी गोष्ट छावणीच्या नावाची. ती 'सेगौली', म्हणजे बिहारमधली सुगौली. १८५७ च्या जुलैत तिथल्या घोडदळाने बंड केलं आणि मेजर होम्स व त्याची बायको मारली गेली. कथेत यातलं काहीच नाही. पण हिंदुस्थानात आयुष्य काढलेल्या इंग्रज घरात सुगौलीचा बंगला, रात्रीची वेळ आणि आत शिरणारा 'नेटिव्ह' म्हटल्यावर कुणाला काय आठवलं असेल? त्यासाठी तळटीप लागली नसेल. बागेतले बाकीचे रहिवासीही पाहा. शिंप्याचं नाव लावलेला दर्जी पक्षी गात सुटतो आणि त्याला पुढचं-मागचं कळत नाही. चिचुंद्री खोलीच्या मध्यभागी यायचं धैर्य नसल्याने भिंतीकडेने रडत फिरते. हे सगळे 'चांगले' प्रजाजन.

आता हीच कथा आपल्याकडे कशी होती? पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रात ब्राह्मणीची आणि मुंगसाची गोष्ट आहे. बाळाला मुंगसाजवळ सोडून आई पाण्याला जाते. साप येतो. मुंगूस साप मारतं आणि रक्ताळलेल्या तोंडाने दारात आईला सामोरं जातं. तिला वाटतं, याने बाळ खाल्लं. ती डोक्यावरची घागर त्याच्यावर टाकते. मुंगूस मरतं. आत जाऊन पाहते तर बाळ खेळतंय. या तंत्राचं नावच 'अपरीक्षितकारक', म्हणजे पारख न करता केलेलं काम.

मुंगूस तेच, साप तोच, पाळणा तोच. पण जुन्या गोष्टीत चूक माणसाची आहे आणि तिचा डाग त्याच्याच घरात राहतो. किपलिंगच्या गोष्टीत माणसाची, म्हणजे साहेबाची, चूक होऊच शकत नाही. तो बंदूक चालवतो ती बरोबरच लागते. नोकर जनावर विश्वासू, आणि त्याला बक्षीस म्हणून बाग मिळते. तीही राखायला. मला विचाराल तर बालकथेतला साम्राज्यवाद दुष्ट सापात नसतो. दुष्ट साप पंचतंत्रातही आहे. तो या न चुकणाऱ्या माणसात असतो.

शेरखानाचं घराणं यापेक्षा जुनं. श्रीरंगपट्टण १७९९ मध्ये पडलं, त्या विजयाच्या पदकावर ब्रिटिश सिंह टिपूच्या वाघाला खाली दाबताना कोरला आहे. टिपूचा लाकडी वाघ, इंग्रजाच्या छाताडावर बसलेला, आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. १८५७ च्या ऑगस्टमध्ये 'पंच' साप्ताहिकाने छापलेल्या व्यंगचित्रात पुन्हा सिंह वाघावर झेप घेतो, वाघाखाली इंग्रज बाई आणि मूल. इंग्रज पोरांच्या डोक्यात हा वाघ किपलिंगच्या आधीच तयार होता. किपलिंगने त्याला पठाणी नाव आणि एक लंगडा पाय दिला. इकडे सरकार वाघ मारणाऱ्याला इनाम देत होतं. मोगली शेरखानला रेड्यांच्या कळपाखाली चिरडतो, कातडं काढतो आणि सभेच्या खडकावर पसरतो. त्याच काळी गोंड आणि कोरकू गावांच्या वेशीवर वाघदेवाची शेंदूर फासलेली ठाणी होती. अजून आहेत.

इथवर ऐकून तुम्हांला वाटेल, मी इंग्रजांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून मोकळा होणार. तसं सोपं असतं तर हे व्याख्यान पंधरा मिनिटांत आटोपलं असतं. 'जंगल बुक'च्या दुसऱ्या भागात रानकुत्र्यांची एक कथा आहे. आपण त्यांना कोळसून म्हणतो. त्यांचे कळप दख्खनमधून उत्तरेकडे येतात, वाटेत येईल ते फस्त करत. वाघही त्यांना वाट देतो. लांडग्यांचं राज्य वाचवायला मोगली त्यांना वैनगंगेकाठच्या मधमाश्यांच्या कड्यावर नेतो. दख्खनमधून उत्तरेकडे झपाट्याने येणाऱ्या टोळ्या हे वाचताना मला पेंढारी दिसले, मराठा घोडदळ दिसलं. किपलिंगच्या मनात ते होतं असा माझा दावा नाही. हे मला दिसलं, एवढंच म्हणतो. पण बंगालमध्ये हे नुसतं माझं दिसणं नाही. १७४१ ते १७५१ ही दहा वर्षं नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर जात होत्या. तिथले लोक त्या स्वारांना 'बर्गी' म्हणत आणि आजही बंगाली आई पोराला झोपवताना बर्गी येतील म्हणते. कोलकात्याच्या एका मैत्रिणीला मी नागपूरचा आहे म्हणून सांगितलं तेव्हा ती हसून म्हणाली, "म्हणजे तू आमच्या अंगाईतला राक्षस." एका पाळण्याशी आपण मुंगूस असतो, दुसऱ्या पाळण्याशी कोळसून.

आणि घरातलं पाहायचं तर चिऊ-काऊची गोष्ट घ्या. काऊचं घर शेणाचं, ते वाहून जातं. चिऊचं मेणाचं, ते टिकतं. भिजलेला काऊ दार वाजवत राहतो आणि चिऊ बाळाला तीट लावत राहते. काळ्याने बाहेर थांबायचं, शेणातल्याने पावसात भिजायचं, आणि आत आलाच तर चटका खायचा, असेही काही शेवट आहेत. ही गोष्ट आपण दोन वर्षांच्या मुलाला घास भरवताना सांगतो. यात इंग्रज कुठे आहे?

माकडांचं थोडक्यात सांगतो. 'बंदरलोग' म्हणजे कायदा नसलेले, सभा भरवणारे, आपणच थोर असं एकमेकांना सांगणारे आणि शेपूट हलताच विसरणारे. काही अभ्यासकांना यात इंग्रजी शिकलेल्या हिंदी बाबूची टर दिसते, आणि मलाही दिसते. राष्ट्रीय सभेचं सातवं अधिवेशन १८९१ मध्ये आपल्या नागपुरात भरलं होतं, आनंद चार्लूंच्या अध्यक्षतेखाली. त्यानंतर तीनच वर्षांनी हे पुस्तक आलं. ज्या देशात माकड म्हटलं की मारुती आठवतो, तिथे माकडांची एवढी हजामत केलेली आपल्या लक्षातही आली नाही, कारण आपण स्वतःला मोगली समजून वाचत होतो.

हा खेळ एकट्या किपलिंगचा नाही. फ्रान्समध्ये १९३१ मध्ये आलेला बाबर हत्ती शिकाऱ्याच्या गोळीने आई गमावतो, शहरात जातो, हिरवा सूट शिवून घेतो, आणि परतल्यावर हत्ती त्याला राजा करतात. एरियल डॉर्फमन या लेखकाने त्यावर कठोर लिहिलं आहे. आपल्याकडे तर शाळेच्या मैदानातच हे चालू आहे. स्काउट चळवळीच्या बेडन-पॉवेलने १९१६ मध्ये धाकट्या मुलांची, म्हणजे कबची, पथकं 'जंगल बुक'वर बेतली. आजही आपल्या शाळांतल्या कबच्या प्रमुखाला अकेला म्हणतात आणि पोरं त्याच्याभोवती उकिडवी बसून लांडग्यासारखी ओरडतात. मीही ओरडलो आहे. मजा येते.

आता त्या कागदाकडे. मोगली पहिल्यांदा छापला गेला तो 'जंगल बुक'मध्ये नव्हे. १८९३ च्या एका कथेत तो तरुण म्हणून आधीच येऊन गेला होता. त्यात एक इंग्रज वनाधिकारी आहे आणि त्याचा वरिष्ठ एक जर्मन. कल्पना नव्हे ही. १८६४ मध्ये वनखातं सुरू झालं तेव्हापासूनचे पहिले तिन्ही महानिरीक्षक जर्मनच होते. तो जर्मन साहेब मोगलीची जंगलाची जाण पाहतो आणि त्याला सरकारी वनरक्षकाची नोकरी देतो. कामं ठरतात : शिकारीची खबर द्यायची, वणवे सांगायचे, हुकुमाशिवाय रानात चरायला आलेल्या गावकऱ्यांच्या शेळ्या हाकलायच्या. पगार दरमहा, आणि शेवटी पेन्शन. लांडग्यांचा भाऊ, शेरखानाचा काळ, सगळ्या जंगलाची भाषा जाणणारा मोगली अखेर वनखात्यात लागला. सिव्हिल लाइन्समध्ये राहणाऱ्या श्रोत्यांना यात काही गैर वाटणार नाही. पेन्शनीचं महत्त्व मलाही कळतं.

पण १८७८ च्या वनकायद्याने जंगल 'राखीव' झालं होतं. राखीव कुणासाठी आणि कुणापासून, हे त्या कथेत कुणी विचारत नाही. मोगलीच्या नोकरीचं खरं काम तेच होतं. 'जंगल बुक'च्या दुसऱ्या भागात मात्र एक चमत्कारिक जागा आहे. मोगली गावावर जंगल सोडतो, शेतं उद्ध्वस्त होतात, तेव्हा घाबरलेले गावकरी जवळच्या गोंडांच्या म्होरक्याला बोलावतात. तिथे किपलिंग गोंडांना या भूमीचे मूळ मालक म्हणतो. स्वच्छ शब्दांत म्हणतो. मग तो गोंड एका पायावर उभा राहतो, एक शब्दही बोलत नाही, रानकारल्याचा वेल दाखवतो, म्हणजे हे गाव आता रान होणार, आणि निघून जातो. मालकाला पुस्तकात एवढंच काम. नाव नाही, बोलणं नाही. हत्तीला नाव आहे, वटवाघळाला आहे, साळिंदराला आहे.

या मालकांनी १९३० मध्ये तोंड उघडलं. त्या वर्षी जुलैच्या १० तारखेला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला गवत कापून जंगल सत्याग्रह केला, हे आपल्याला शाळेत शिकवतात. त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला सिवनी जिल्ह्यातल्या टुरिया गावात गोंड स्त्री-पुरुष राखीव जंगलातलं गवत कापायला जमले, ते मात्र शिकवत नाहीत. पोलिसांनी गोळीबार केला. मुड्डेबाई, रैनोबाई, देभोबाई या तीन बायका आणि बिरजू हा पुरुष, असे चौघे मेले. मोगलीचं जंगल हेच. गवत हेच.

याच जंगलाला शब्द देणारा एक मराठी माणूस वनखात्यातच होता. मारुती चितमपल्ली. पगार त्यांनाही सरकारचाच. पण पाखरांची, झाडांची, श्वापदांची नावं त्यांनी गोंडांना, कोरकूंना, नवेगावच्या माधवराव पाटलांना विचारून घेतली आणि कुणाकडून घेतली ते लिहून ठेवलं. किपलिंग आणि चितमपल्ली यांत मोठा लेखक कोण, हा वाद मी घालणार नाही. विचारून घेणं आणि उचलून घेणं यातला फरक तेवढा सांगतो.

मग मुलांना 'जंगल बुक' देऊ नये का? मी दिलं. माझ्या मुलीने दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा संपल्यावर विचारलं, "बाबा, मोगलीच्या गावात कोणालाच नाव का नाही?" मी म्हटलं, मेसुआ आहे, बुलदेव आहे. ती म्हणाली, "आणि तो कारल्यावाला?"

तुम्ही यंदा मुलाबाळांना घेऊन पेंचला जालच. पाणी तर आपण सगळे तिथलंच पितो. मध्य प्रदेशच्या बाजूने गेलात तर देवलापार मागे पडून खवासा येतं आणि पुढे टुरिया. त्याच परिसरात पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, त्याचं नाव 'किपलिंग्ज कोर्ट'. जिप्सी पहाटे निघते आणि सगळ्यांना वाघ पाहण्याची घाई असते. टुरिया गावात हुतात्म्यांचं स्मारक आहे. परतताना दहा मिनिटं तिथे थांबा, आणि मुलांना ती चार नावं मोठ्याने वाचायला सांगा.